थीम पार्कमध्ये सगळे एकत्र की दोन ग्रुप?
गर्दीच्या दिवशी सगळ्यांनी एकत्रच फिरायचं म्हटलं की फोटो छान येतात, कोणी हरवत नाही, पण स्पीड ठरतो तो सगळ्यात छोट्या मेंबरवर. मोठ्या रोलर कोस्टरला बऱ्याच ठिकाणी १२० ते १४० सेंमी उंची लागते, म्हणजे धाकटं पोर बाहेर, त्याच्यासोबत कोणीतरी अडकणार, आणि आजी-आजोबा निम्मा दिवस नुसते ताटकळत.

दोन ग्रुप केले तर मोठी मुलं सुटतात एकीकडे, सिंगल रायडरची लाईन असेल तर उरलेल्या सीटवर एकेकटं बसून पटकन उरकतात (शेजारी-शेजारी बसायचा हट्ट मात्र सोडायचा), छोटी मंडळी आरामात कॅरोसेलवर (गोल फिरणारे घोडे). फक्त फोनची बॅटरी गेली की शोधाशोध, म्हणून भेटायची जागा-वेळ आधीच ठरवा, आणि गेटपाशी अजिबात नको.

मला विचाराल तर सकाळी वेगळे, संध्याकाळी शो बघायला एकत्र. आई-बाबा दोघांनाही मोठी राईड हवी असेल तर रायडर स्वॅप आहे का ते विचारा, एक जण पोराजवळ थांबतो, दुसरा उतरला की हा परत अख्खी लाईन न लावता बसतो.