आधी आवाज की आधी चित्र?

ॲनिमेशनपटाला आवाज दोन प्रकारे दिला जातो. एकतर चित्रं हलू लागण्याआधीच संवाद रेकॉर्ड होतात, नाहीतर तयार चित्रावर आवाज चढवला जातो, म्हणजेच डबिंग.

हॉलिवूडमध्ये पहिली पद्धत रुळलेली आहे. कलाकाराच्या हाती संहिता आणि फार तर काही रेखाटनं असतात. ओठ जुळवायची कटकट नाही. वाक्य लांबवा, मध्येच थांबा, पदरचं घाला. ॲनिमेटर नंतर त्या आवाजावर चेहरा बेततो. १९९२ च्या ‘अलादीन’मध्ये रॉबिन विल्यम्सने जिनीसाठी भरपूर उत्स्फूर्त धमाल केली आणि ॲनिमेटर एरिक गोल्डबर्गच्या चमूने त्यातून जिनी उभा केला. अशी मोकळीक डबिंगमध्ये मिळणं जवळपास अशक्य. त्रास एवढाच, की बरेचदा माइकसमोर एकट्यानेच भांडायचं आणि रडायचं असतं.

डबिंगमध्ये पात्र आधीच हसून मोकळं झालेलं असतं. तुम्ही त्याच्या वेळेत हसायचं. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब किंवा म आणायची धडपड. (श्रेय कुणी देत नाही, पण यात अर्धी कामगिरी संवादलेखकाची!) जपानी ॲनिमेत मूळ भाषेतले आवाजही बहुधा असे नंतरच भरतात, १९८८ चा ‘अकिरा’ हा गाजलेला अपवाद.

नवख्याला मी डबिंग सुचवेन, कारण भाव चित्रातच दिसतो. मुरलेल्या नटाने मात्र पहिल्या पद्धतीची संधी सोडू नये.