निमचा वापरानंतरचा अनुभव: नावातलं कॅपिटल-स्मॉल कम्पायलरने बघावं की नाही?

निम ही प्रोग्रामिंग भाषा, आणि कम्पायलर म्हणजे तिच्यातला कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम. जेसनमधली (जेसन म्हणजे डेटा देवाणघेवाणीचं मजकुरी रूप) 'की', म्हणजे किमतीचं नाव, 'यूजर अंडरस्कोर आयडी' अशी येते; अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ. ऑब्जेक्टमधलं फील्ड कॅमलकेसमध्ये, म्हणजे अंडरस्कोर नाही आणि आयडीचा आय कॅपिटल. निमच्या कम्पायलरला ही दोन्ही नावं एकच वाटतात, तरी जेसनवरून ऑब्जेक्ट भरणारं स्टँडर्ड लायब्ररीतलं 'टू' चालवलं की कीएरर, म्हणजे 'की' न सापडल्याची एरर येते. कारण सूट मिळते ती फक्त कोडमधल्या नावांना. 'की' ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आणि स्ट्रिंग अक्षर न् अक्षर जुळावीच लागते.

निमचा नावं जुळवायचा नियम बहुतेकांना ठाऊक असेल: पहिलं अक्षर जसंच्या तसं जुळायला हवं, पुढे कॅपिटल-स्मॉल आणि अंडरस्कोर धरायचे नाहीत. पूर्वी पहिल्या अक्षरालाही सूट होती. आता नाही, म्हणून कॅपिटल एफचा 'फाइल' हा टाइप आणि स्मॉल एफचं 'फाइल' हे व्हेरिएबल शेजारी नांदतात. स्मॉल करणं फक्त एएससीआयआय, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपुरतं आहे, हे फार चांगलं केलंय. तुर्कीत कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनटिंबाचं होतं, आणि पीएचपी या भाषेच्या ५.५ आधीच्या आवृत्त्यांत तुर्की लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावलं की क्लासची नावं सापडेनाशी व्हायची.

वरच्या एररवर उपाय सोपा आहे. टाइपमध्ये फील्ड अंडरस्कोरसह घोषित करा आणि बाकी कोडमध्ये खुशाल कॅमलकेस लिहा. जेसनही जुळतं आणि कोडही एकसारखा दिसतो. सी भाषेतल्या लायब्ररीच्या अंडरस्कोरवाल्या फंक्शनांचंही तसंच. सुरुवातीला माझं मत या नियमाच्या साफ विरोधात होतं, ते इथे बरंच मवाळ झालं.

मग येतं शोधणं. साध्या ग्रेपला, म्हणजे फाइलींत मजकूर शोधणाऱ्या कमांडला, 'आय' ऑप्शन दिला की कॅपिटल-स्मॉलचा प्रश्न मिटतो, पण अंडरस्कोरचा नाही. नाव बदलताना एका फाइलमधलं रूप निसटतं. बिल्ड (कोडवरून प्रोग्राम तयार करणं) मोडलं तर निदान कळतं, पण 'व्हेन' या कम्पायल करतानाच्या अटीच्या बंद शाखेत, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेल्या कोडमध्ये ते तसंच पडून राहतं. निमसोबत येणाऱ्या निमग्रेपला 'इग्नोरस्टाइल' ऑप्शन आहे आणि तो नीट चालतो. पण एडिटरचा साधा सर्च, कोड रिव्ह्यूचं पान, गिटचा ग्रेप यांना त्याचा पत्ताच नाही. एका भाषेसाठी शोधायचं वेगळं हत्यार बाळगावं लागणं मला अजूनही खटकतं. कोड लिहिला जातो एकदा, शोधला जातो शंभरदा.

नावांच्या टकरीही होतात. ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीत 'जीएलफ्लोट' हा टाइप आणि 'जीएल अंडरस्कोर फ्लोट' हा सगळा कॅपिटलमधला कॉन्स्टंट. निमसाठी दोन्ही एकच, म्हणून बाइंडिंगमध्ये, म्हणजे ती लायब्ररी निमला जोडणाऱ्या कोडमध्ये, कॉन्स्टंटच्या आधी स्मॉल सी जोडावा लागला. पण हा दोष मी निमला देणार नाही. दोन वेगळ्या गोष्टींत फक्त कॅपिटलचा आणि एका रेघेचा फरक ठेवणं हेच मुळात वाईट.

उलट टोकाला पायथन. क्लासमध्ये आयडीचा आय चुकून स्मॉल लिहून किंमत दिली, तर नवं ॲट्रिब्यूट गुपचूप तयार होतं आणि जुनी किंमत तशीच राहते. 'स्लॉट्स', म्हणजे चालणाऱ्या ॲट्रिब्यूटची यादी, घोषित केली असेल तर एरर मिळते. पीएचपी अर्धवट: व्हेरिएबलला केस (कॅपिटल-स्मॉलचा फरक) लागते, फंक्शन आणि क्लासच्या नावांना नाही. त्यामुळे चुकीच्या केसचा क्लास विंडोजवर ऑटोलोड होतो, म्हणजे नावावरून त्याची फाइल आपोआप उघडली जाते, आणि लिनक्सवर फाइलच सापडत नाही.

म्हणून माझं आताचं मत असं: फक्त केसने वेगळी होणारी दोन नावं भाषेने होऊच देऊ नयेत, आणि घोषित केलेलं नाव सगळीकडे त्याच रूपात लिहायला लावावं. निममध्ये याच्या बरंच जवळ जाता येतं. कॉन्फिग फाइलमध्ये नावांची रूपं तपासणारा 'स्टाइलचेक' हा ऑप्शन दोनदा द्या, एकदा 'यूसेजेस' आणि एकदा 'एरर'. मग 'व्हेन'च्या बंद शाखा सोडल्या तर घोषणेपेक्षा वेगळं रूप दिसलं की बिल्ड थांबतं आणि साधा ग्रेप पुन्हा भरवशाचा होतो. जेसनची वरची सोय यात जाते, कारण अंडरस्कोर सगळीकडे लिहावा लागतो. मला तो सौदा मान्य आहे. ही सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते, हे मात्र पटत नाही.

आणखी एक भोक त्यानंतरही राहतं. बाहेर कॅमलकेसमधलं नाव आणि आतल्या ब्लॉकमध्ये 'लेट'ने अंडरस्कोरवालं नवं नाव घोषित केलं, तर ती नवी घोषणा धरली जाते आणि बाहेरचं नाव झाकलं जातं. 'यूसेजेस' यावर काही बोलत नाही. आतलं नाव कुठेच वापरलं नसेल तर न वापरल्याची हिंट (कम्पायलरची सूचना) येते, वापरलं असेल तर तीही नाही. अशा ठिकाणी डोळ्यांनीच तपासावं लागतं.