दोन वह्या, एक फाईल आणि १९७५ची पद्मिनी

जुनी गाडी बघायला गेलं की लोक आधी पत्र्यावर टिचक्या मारतात. मी आधी कागद मागितले. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. कागद जुळले तरच पुढचं बोलणं.

दांडिया बाजारातल्या काकूंनी दोन वह्या आणि नाडीने बांधलेली जाड फाईल पुढ्यात ठेवली. "बघ गं सावकाश. यांनी आयुष्यात एक पावती फेकली नाही." गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग सीट. पहिले मालक एक प्राध्यापक होते, १९९२ पासून गाडी काकूंच्या यजमानांच्या नावावर. दोनच नावं, दोन्ही बडोद्यातली. प्राध्यापकांनी कर्ज काढलं होतं, तो बोजा चढल्याची आणि उतरल्याचीही नोंद आरसी बुकात आहे.

मीटरवर ४१,३०८ किलोमीटर. मीटर पाच आकड्यांचा, म्हणजे लाख झाले की पुन्हा शून्यापासून. हा आकडा पहिल्या फेरीतला की दुसऱ्या, हे गाडीकडे बघून कोण सांगणार? फाईल सांगते. जून १९९६च्या बिलावर ९९,७१० आहे आणि नोव्हेंबरच्या बिलावर ०१,२४५. गाडी १,४१,३०८ चालली आहे. आणि काकूंनीही मी विचारायच्या आधी हाच आकडा सांगितला होता.

२००४ ते २००७ एकही बिल नाही. अशा खिंडारातच अपघात लपलेले असतात, म्हणून तिथे मी अडून बसले. काकू म्हणाल्या, यांच्या आजारपणात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. आधीच्या बिलावर ३१,९०२, नंतरच्यावर ३१,९५८. तीन वर्षांत छप्पन्न किलोमीटर! विम्याचे कागदही तेवढ्याच काळात नाहीत. मग माझी शंका मिटली.

१९९२च्या नावबदलीच्या कागदांत चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराची, पेन्सिलने काढलेली छाप होती. मी गाडीवरून नवी छाप घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. त्यातला सात किंचित डावीकडे कलला आहे, दोन्हीकडे सारखाच. त्या कललेल्या सातवर मी बयाणा दिला. सव्वादोन लाखांना सौदा झाला. कागद नसलेल्या, जास्त चकचकीत पद्मिनी मी याहून स्वस्तात बघितल्या होत्या आणि सोडल्या होत्या.

फाईलने सांगितलं नाही ते वायरिंगचं. डॅशबोर्डखाली जुन्या वायरींना नव्या पिळून चिकटपट्टी लावलेली निघाली, तिचं बिल कुठेच नाही. सगळा हारनेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, नवा घालावा लागला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. पन्नाशीची गाडी घेणाऱ्याने हा खर्च धरूनच चालावं.

चालवायला मला ती फार आवडते. गिअर सवयीचा झाला की हात आपोआप जातो. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, म्हणून रावपुऱ्यातल्या गर्दीत अंतर राखूनच चालते. मे महिन्यात उन्हात उभी राहिली की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरते आणि गाडी रुसते. त्या पंपावर ओला फडका ठेवला की दहा मिनिटांत सुरू. हा उपाय प्राध्यापकांच्या वहीत १९७८च्या पानावर लिहिलेला आहे, खाली दोन रेघा मारून. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, तेव्हापासून माझा मेकॅनिक दिसेल तो सुटा भाग घेऊन ठेवतो.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा राजेरजवाड्यांच्या गाड्या डोळे भरून पाहिल्या होत्या. आता या गाडीला पन्नास झाली तशी भाचा मागे लागलाय: मावशी, व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर घे. २०२१च्या नियमांप्रमाणे तो मिळू शकतो, नोंदणी दहा वर्षांची. पण मग गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला बाहेर काढायची. रोजच्या वापराला मनाई. मी नाही म्हटलं. मला तिच्यातून शनिवारी खंडेराव मार्केटला भाजीला जायचं असतं, आणि पुढच्या सलग सीटवर मध्ये काकू बसतात.