दीड हजाराचा काठी-रील सेट, नऊ महिने झोडपून काढल्यावर

मासे धरायचा हा सेट गेल्या दसऱ्याला ऑनलाइन सेलमध्ये १,५५० रुपयांना घेतला होता. सात फुटी टेलिस्कोपिक काठी, ३००० साइजचं स्पिनिंग रील, तंगुसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, एक बंडल आणि उगीच टाकलेला एक प्लॅस्टिकचा मासा. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हीच वस्तू चार नावांनी चार रंगांत मिळते हे मला नंतर कळलं. डब्यातून काढलं, हँडल फिरवलं, लोण्यासारखं फिरतंय म्हटलं आणि त्याच रात्री पाच स्टार देऊन टाकले. त्यातले दोन परत घ्यायला आलोय. उरले तीन, आणि त्यातले अडीच काठीचे आहेत.

आधी मी कसा वापरतो ते सांगतो, म्हणजे तुमचा हिशोब तुम्हाला लावता येईल. मी काही मोठा शिकारी नव्हे. रविवारी पहाटे गाडीला काठी बांधायची, कोल्हापुरातून राधानगरी रोडने हळदी नाहीतर राशिवड्याच्या बंधाऱ्याला जायचं, ऊन चढलं की परत. पावसाळा सरून बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की भोगावतीचं पाणी तुंबतं, संथ होतं, तिथून उन्हाळ्यापर्यंत आमचा सीझन. खाली पंचगंगेला राजाराम बंधारा घरापासून जवळ पडतो खरा, पण उन्हाळ्यात तिथलं पाणी बघून गळ टाकायचं मन होत नाही, दरवर्षी कुठे ना कुठे मासे मरून वर आल्याची बातमी असतेच. आमिष घरचं, कणीक, शेंगपेंड आणि थोडी काकवी. काकवीने गोळा पाण्यात लवकर सुटत नाही आणि हाताला जो वास राहतो तो दुपारच्या जेवणापर्यंत जात नाही. तिलापी गांडुळाला येते, रोहू-मृगळ पेंडीला. मृगळ तळाला चरतो, त्याला शिसं लावून गोळा खाली बसवायचा, रोहूला जरा वर ठेवायचा, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पहिले दोन महिने मस्त. काठी हलकी, बंद केली की सॅकमध्ये बसते, बायकोला कळत पण नाही कुठे चाललोय. (कळतं, काकवीची बाटली कमी झालेली दिसते.) सोबत आलेला तंगूस मात्र पहिल्याच दिवशी फेकायच्या लायकीचा होता. स्पूलवरून, म्हणजे रीलच्या दोरा गुंडाळायच्या चकरीवरून, सुटला की स्प्रिंगसारखा वेटोळी घेऊनच बाहेर पडतो, वाऱ्यात तर विचारू नका, तिसऱ्या फेकीला असा गुंता झाला की शेजारी बसलेला गडी म्हणाला, "भावा, मासं धरतोयस का सोटर इणतोयस?" मी ०.३० मिमीचा चांगला तंगूस आणून भरला, भरताना ओल्या फडक्यातून ओढून भरला, तेव्हा जरा माणसात आलं. आणि एक सवय लावून घ्या, फेक झाल्यावर रीलवरची कडी (दोरा धरून ठेवणारी तारेची कमान) हाताने पाडायची, हँडल फिरवून खटकन पाडायची नाही. पीळ कमी बसतो आणि कडीची स्प्रिंग पण वाचते. हे मला कळलं एप्रिलमध्ये, स्प्रिंग तुटल्यावर.

जानेवारीत पहिला दगा, आणि त्यात चूक माझीच. थंडीत रील जरा जड वाटायला लागलं म्हणून घरी उघडलं आणि दिसेल तिथे ग्रीस चोपडलं. आता रीलमध्ये उलट फिरू नये म्हणून एक वन-वे बेअरिंग असतं, त्यात बारीक रोलर असतात, ते एका बाजूला अडकतात आणि दुसऱ्या बाजूला मोकळे फिरतात. त्यात घट्ट ग्रीस गेलं की थंडीत रोलर जागच्या जागी चिकटून बसतात आणि अडकायचं विसरतात. पुढच्या रविवारी धुक्यात मासा लागला, मी काठी उचलली तर हँडल गरागरा उलटं फिरून माझ्याच बोटांवर बसलं. मासा गेला, नख काळं झालं, ते काळं नख होळीपर्यंत मिरवत होतो. नंतर ते बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि बसवलं, तेव्हापासून तक्रार नाही. ग्रीस गिअरला, पातळ तेल बेअरिंगला.

उघडलंच होतं म्हणून आत बघितलं. डब्यावर लिहिलंय ५+१ बेअरिंग. मी मोजली तीन. बाकीच्या जागी पांढऱ्या प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे नुसत्या नळ्या. तक्रार टाकली तर उत्तर आलं, 'उत्पादनातील बदलांमुळे घटक भिन्न असू शकतात'. भिन्न म्हणजे काय, तीन म्हणजे सहा का?

ड्रॅगबद्दल जास्त लिहितो, कारण नवीन माणूस इथेच फसतो आणि मी पण फसलो. ड्रॅग म्हणजे स्पूलमधल्या चकत्यांचा ब्रेक, मासा जोरात ओढायला लागला की तंगूस तुटायच्या आत स्पूलने स्वतःहून दोरा सोडायचा. हा चांगला असेल तर 'किर्रर्र' असा एकसारखा आवाज येतो. आमच्या रीलचा आवाज यायचा 'कर्र... काही नाही... काही नाही... कर्रर्र'. म्हणजे आधी अडकतो, मग झटक्यात सुटतो. फेब्रुवारीत हळदीला मोठा रोहू लागला होता, दोनदा पाण्यावर पाठ दाखवून गेला, केवढी ती पाठ, आणि तिसऱ्यांदा त्याने खाली बुडी मारली तेव्हा ड्रॅग त्या 'काही नाही' मध्ये होता. तंगूस फटकन तुटून तोंडावर आला. मी तसाच काठी धरून उभा, पलीकडच्या काठावर एक बाई कपडे धूत होत्या, त्या म्हणाल्या, "गेला व्हय?" गेला.

घरी येऊन चकत्या काढल्या तर कोरड्या ठणठणीत. ड्रॅगचं वेगळं ग्रीस मिळतं ते अगदी पातळ लावलं, थोडा सुधारला. आता बॅग वजन करायचा डिजिटल काटा तंगुसाला अडकवून ओढतो आणि दीड किलोच्या आत स्पूल सुटेल एवढाच ड्रॅग ठेवतो, कारण तंगूस पाच-सहा किलोचा असला तरी गाठीत आणि झटक्यात त्याची ताकद बरीच मरते. गाठ आवळताना थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की घासून तंगूस तिथेच कमजोर होतो. आणि घरी आल्यावर ड्रॅग सैल सोडून ठेवा, आवळून ठेवला तर चकत्या दबून बसतात.

आता ह्याच तंगुसापायी घरी जे झालं ते पण ह्याच रिव्ह्यूत सांगतो, कारण वस्तू वापरायची म्हटलं की तिचा कचरा पण आपलाच. घराच्या मागे आईची चार गुंठ्यांची नव्हे, चार पावलांची बाग आहे. पेरू, कढीपत्ता, जास्वंद, आणि भिंतीवर मातीची परळ, त्यात रोज पाणी. सकाळी सातभाईंची टोळी येऊन भांडून जाते, जास्वंदीवर शिंजीर उलटा लोंबकळतो, दयाळ टाकीवर बसून गातो, एक भारद्वाज आहे तो सरकारी साहेबासारखा सावकाश चालत येतो आणि कुणाकडे न बघता जातो. आईला सगळ्यांच्या वेळा पाठ आहेत. मी त्या बागेतच पायरीवर बसून रील साफ करायचो, खराब तंगूस कापून तिथल्याच बादलीत टाकायचो.

मे महिन्यात कढीपत्त्यावर बुलबुलाने घरटं केलं. एक दिवस आई म्हणाली, एक पिल्लू उडून गेलं, दुसरं फडफडतंय पण घरट्यातून सुटत नाही. स्टूलवर चढून बघितलं तर घरट्याच्या विणीत गवताच्या काड्यांबरोबर माझा तंगूस. हातभर तरी असेल, चकचकीत, आणि त्याचा एक फेरा पिल्लाच्या पायाला, गुडघ्याच्या वर, मांसात रुतायला लागलेला. आईने ओल्या पंच्याने पिल्लू अलगद धरलं, मी नेलकटरने तंगूस तोडत गेलो, एकेक फेरा, हात थरथरत होते, आणि डोक्यावर ते दोन बुलबुल असा कल्ला करत होते की शेजारचे गच्चीवर आले. पाय सुजला होता पण बोटं आवळत होतं. दुसऱ्या दिवशी पेरूवर बसलेलं दिसलं, तेच असावं. आई मला त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त ती बादली उचलून पुढच्या दाराला नेऊन ठेवली. आता तंगुसाचे बोटभर तुकडे करून बाटलीत भरतो, बूच लावतो, नदीवर दुसऱ्याचा पडलेला दिसला तर तो पण त्यातच. निम्मी बाटली भरलीय, आणि त्यातला बराचसा ह्या रीलने गुंता करून वाया घालवलेला आहे.

पाखरांवरून आठवलं, माझा २०१७ चा मोबाइल आहे, बॅटरी दुपारपर्यंत पण टिकत नाही, तो आता फक्त खिडकीत चार्जरला लावून पक्ष्यांचा आवाज ओळखायच्या अ‍ॅपसाठी ठेवलाय. आई त्याची परीक्षा घेत असते. परवा त्याने ठणकावून शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, दाखवला, आईने बाहेर बघितलं तर तारेवर कोतवाल. त्यात अ‍ॅपला काय बोलणार, कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, त्याने खऱ्या पाखरांना फसवून पळवलंय तिथे मोबाइलची काय कथा.

परत रीलवर. एप्रिलमध्ये कडीची स्प्रिंग तुटली, सातवा महिना, वॉरंटी सहा. स्पेअर विचारला तर 'उपलब्ध नाही, नवीन घ्या'. दहा रुपयांच्या तारेसाठी नवीन रील. म्हणून ते आणि आण्णांचं जुनं रील, दोन्ही पिशवीत घालून उद्यमनगरला आमच्या ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे नेलं. आण्णांचं रील मी शाळेत असल्यापासूनचं, पूर्ण धातूचं, वजन असं की कुणाच्या डोक्यात घातलं तर पोलीस केस होईल. २०१९ च्या महापुरात चार दिवस पाण्याखाली होतं, गाळ धुऊन काढला, पण हँडलचा बुश झिजून डगडगत होता म्हणून पडून होतं.

मामांनी आधी नवीन हातात घेतलं, हलवून कानाला लावलं, म्हणाले, "ह्ये रं काय, खुळखुळा?" मग जुनं घेतलं, हँडल वरखाली करून बघितलं आणि काही न बोलता पितळेचा तुकडा शोधायला उठले. अर्ध्या तासात बुश तयार, चहा येईपर्यंत बसवून पण झाला. स्प्रिंगसाठी त्यांच्याकडे एवढी बारीक तार नव्हती. ती मी मिरजेहून आणली, तिथे सतार-तंबोऱ्याची पोलादी तार सहज मिळते आणि ती स्प्रिंगला एकदम चालते. मामांनी ती ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळली, पाहिजे त्यापेक्षा एक नंबर बारीक दांडा घेतला, कारण सोडल्यावर तार उसळून जरा मोठी होणार. पहिली वाकडी झाली, दुसरी बसली. "आता ह्याच्यावर यमन वाजीव," म्हणाले. दोन्हीचे मिळून १५० घेतले, ते पण मी खिशात कोंबले म्हणून.

मे महिनाभर दोन्ही आलटून पालटून वापरली. जुन्याला गिअर मंद आहे, बोटभर ओढायला दहा वेळा फिरवल्यासारखं वाटतं, दुपारपर्यंत मनगट बोलतं. नवीन ५.२:१ आहे, हँडलच्या एका फेऱ्याला पाच फेरे दोरा गोळा, ते सुख आहेच, तिलापीसाठी मी अजून नवीनच नेतो. पण मोठ्या माशाच्या आशेने बसायचं असेल त्या दिवशी आण्णांचं. ड्रॅग आवळायची चकती ढब्बू पैशाएवढी आणि आवाज एकसारखा किर्रर्र.

काठीला मात्र नावं ठेवणार नाही. फायबरग्लासची आहे, कार्बनसारखी नाजूक नाही, एकदा मोटरसायकलवरून पडली, वर म्हशीने पाय दिला, तरी सरळ आहे. दोनच गोष्टी. वाळूत उघडी टाकू नका, सांध्यात एक कण गेला तरी काठी बंद होत नाही. आमची अशीच अडकली तेव्हा बाहेरच्या नळीवर गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, दोन्ही हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले आणि पिळून सोडवली, पक्कड लावू नका, फुटते. आणि टोकाच्या रिंगेत कापसाचा बोळा फिरवून बघत जा. धागा अडकला की समजायचं आतली चिनीमातीची कडी तडकलीय, ती तंगूस ब्लेडसारखा कापते. माझी तडकली होती, दोन मासे गेल्यावर कळलं, चाळीस रुपयांना नवीन रिंग बसवली.

विचारलंच आहे काही जणांनी की घेऊ का, तर माझं म्हणणं, नुसती काठी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, रील घरात पडलेलं जुनं असेल तर आधी ते उघडून बघा. सेटच घ्यायचा असेल तर वरचा तंगूस टाकून द्या, आणि डब्यावरची बेअरिंगं मोजत बसू नका, मनस्ताप होतो. आणि कुठेही बसायच्या आधी तिथे मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते विचारा, पावती असेल तर फाडा, उगाच बंधाऱ्यावर भांडणं नकोत.

सध्या सगळं बंद आहे. नदी लाल झालीय, राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी बघतोय, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, त्यामुळे ह्या वर्षी आण्णांचं रील खालच्या कपाटातून काढून माळ्यावर ठेवलंय. नवीन खालीच आहे.