आधी कागद, मग टेबल: डेटाबेस डिझाइनच्या पद्धतीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्रयोगशाळेतली उपकरणं वापरायला देणं, परत घेणं आणि त्यांचं आगाऊ बुकिंग, एवढ्या कामासाठीचा डेटाबेस. तो आम्ही अगदी पुस्तकी क्रमाने बांधला: आधी गरजा लिहून काढणं, मग ईआर आकृती (कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचं चित्र), मग टेबलं आणि नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोन ठिकाणी राहू नये म्हणून टेबलं नीट विभागणं), शेवटी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये उभारणी. आता तो काही महिने रोज वापरात आहे, त्यामुळे पद्धतीबद्दल बोलायला हरकत नाही.

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा पहिला, आणि सगळ्यात जास्त वसूल झालेलाही तोच. एकाच मॉडेलचे पाच मायक्रोस्कोप असतील तर बुकिंग मॉडेलचं करायचं की ठरावीक नगाचं? नग दुरुस्तीला गेला तर पुढची बुकिंगं रद्द की दुसऱ्या नगावर? ही उत्तरं मिळाल्यावर मॉडेल आणि नग अशी दोन टेबलं आपोआप वेगळी झाली. वापरणाऱ्यांना ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. त्यांच्या जुन्या नोंदवह्या मागाव्यात आणि समासातल्या टिपा वाचाव्यात. नियमांचे अपवाद तिथेच सापडतात.

ईआर आकृती ही पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली कल्पना. वय झालं तरी कामाची आहे, कारण तांत्रिक नसलेला माणूसही त्या चौकोनांवर बोट ठेवून ‘हे असं नसतं’ म्हणू शकतो. तक्रार एकच: पहिल्या दोन-चार मायग्रेशननंतर, म्हणजे टेबलांच्या रचनेतल्या बदलांनंतर, आकृती शिळी होते. आम्ही आता ती चालू स्कीमावरून, म्हणजे डेटाबेसच्या प्रत्यक्ष रचनेवरून, काढून घेतो.

नॉर्मलायझेशनचा बाऊ उगाच केला जातो. गरजा नीट लिहिल्या असतील तर टेबलं बहुतेक वेळा तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्येच, म्हणजे या विभागणीच्या सहसा पुरेशा मानल्या जाणाऱ्या पायरीवरच, उतरतात. एका ठिकाणी मात्र वाद झाला. उपकरणाचा दर मॉडेलच्या टेबलात असताना तो उसनवारीच्या नोंदीत पुन्हा का? कारण दर उद्या बदलेल, पण त्या दिवशी लागू असलेला दर बदलणार नाही. ही पुनरावृत्ती नव्हे, ती वेगळीच माहिती आहे.

खरी मजा उभारणीत आली. एकाच नगाचं एकाच वेळी दोघांनी बुकिंग करू नये, हा नियम फक्त ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये ठेवला, तर दोघांनी एकदम बटण दाबल्यावर दोघांनाही नग मोकळा दिसू शकतो. पोस्टग्रेसचा एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट (दोन नोंदी एकमेकींवर येऊ न देणारी अट), रेंज टाइप (सुरुवात ते शेवट असा कालावधी एकाच कॉलममध्ये ठेवणारा प्रकार) आणि नग व कालावधी एकाच अटीत तपासू देणारं बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन यांच्या जोरावर डेटाबेसच दुसरं बुकिंग नाकारतो. सुरुवातीची वेळ धरलेली आणि शेवटची वगळलेली अशी रेंज घेतली, की दहाला संपणारं आणि दहाला सुरू होणारं बुकिंग भांडत नाहीत. नुसत्या या एका सोयीसाठी मी पोस्टग्रेस पुन्हा निवडेन. (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ८.०.१६ आवृत्तीच्या आधी साधा चेक कन्स्ट्रेंटसुद्धा, म्हणजे ओळीतली मूल्यं नियमात बसतात का हे तपासणारी अट, लिहू दिला जायचा, पण पाळला जायचा नाही. जुन्या सर्व्हरवर असाल तर तपासा.)

एक खोच मात्र लक्षात ठेवावी: फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) दिली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्याची सूची, तयार करत नाही. नोंदी थोड्या असतात तोवर जाणवत नाही; पुढे मूळ टेबलातली ओळ डिलीट करताना तिच्याकडे बोट दाखवणारं सगळं टेबल चाळलं जातं. संथ वाटणारी क्वेरी एक्स्प्लेन ॲनालाइझमधून (क्वेरी कशी चालली आणि कुठे वेळ गेला हे दाखवणारी आज्ञा) काढून बघायची सवय इथे उपयोगी पडते.

पद्धतीचा दोष सांगायचा तर सुरुवातीला दाखवायला काहीच नसतं. पडदा नाही, बटण नाही, फक्त कागद. वरिष्ठांचा धीर सुटतो. दोन आठवड्यांत फेकून द्यायच्या नमुन्यासाठी हा सगळा प्रपंच मी करणार नाही.

दुसरं म्हणजे डेटाबेस चालू झाल्यावर काय करायचं, यावर ही पद्धत जवळजवळ गप्प आहे. जुन्या वह्यांतून आणलेल्या नोंदींमध्ये परतीची तारीख देण्याच्या तारखेआधीची निघाली, तेव्हा चेक कन्स्ट्रेंट सरळ लावताच येईना. मग तो ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावला, म्हणजे नव्या नोंदी लगेच तपासल्या जातात. जुन्या ओळी सावकाश दुरुस्त करून नंतर व्हॅलिडेट, म्हणजे जुन्या ओळीही तपासणारी आज्ञा, चालवलं, तेही टेबलावरचं लिखाण न थांबवता.