आवक विभागाच्या शिक्क्याला आम्ही ओसी समजलो

"ओसी आलेली आहे, तुम्ही फक्त चाव्या घ्या," असं सांगत बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने फाइल आमच्यापुढे सरकवली. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. आत महापालिकेच्या नावाने लिहिलेलं पत्र, खाली जांभळा गोल शिक्का, तारीख, सही. शिक्का बघूनच आमचा जीव भांड्यात पडला आणि आम्ही शेवटच्या हप्त्याचा चेक दिला. शिक्क्यातली अक्षरं वाचायला हवी होती. तिथे 'आवक विभाग' असं होतं. आर्किटेक्टने भोगवटा प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची ती पोच होती.

त्याच दिवशी आणखी एका कागदावर सह्या घेतल्या. 'फर्निचरच्या कामासाठी स्वखुशीने ताबा घेत आहोत, ओसी बाकी असल्याची आम्हाला कल्पना आहे.' भाडं आणि गृहकर्जाचा हप्ता दोन्ही चालू होतं, त्यामुळे आम्हाला घाई होती. घाईत सही केली. आता काहीही विचारलं की तोच कागद पुढे केला जातो. वकिलांनी सांगितलं ते ऐकून तर रडू आलं: फ्लॅटच्या विक्रीबाबतच्या १९६३च्या मोफा कायद्यात (महाराष्ट्रातला कायदा) पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी बिल्डरने ताबा द्यायचा नाही असं आहे, तसंच घेणाऱ्यानेही तो घ्यायचा नाही असंही आहे.

माहिती अधिकारात कागद मागवले तेव्हा अर्ज का अडकला ते समजलं. अग्निशमन दलाचा अंतिम दाखला नाही, आणि मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागी गाळे बांधलेले. आम्ही रोज त्या गाळ्यांवरून ये-जा करत होतो, पण नकाशा कधी उघडून पाहिलाच नव्हता. पाण्याची कायम जोडणी नाही, टँकरवर दिवस काढतोय.

धीर आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२२च्या निकालाने. मुंबईतल्या एका सोसायटीला ओसीअभावी २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. ओसी न मिळवून देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती चालूच राहणारी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून इतक्या उशिराही आम्ही तक्रार केली आहे.

तुम्ही चाव्या घ्यायच्या बेतात असाल तर ओसीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाच्या पानावर ती आहे का बघा, आणि महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात स्वतः जाऊन खात्री करा. पार्ट ओसी, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरतीच दिलेली ओसी, दाखवली तर तिच्यात आपला मजला आहे का ते ओळ न् ओळ वाचा. आमच्या शेजारच्या विंगला ती सातव्या मजल्यापर्यंतच मिळाली आहे. आठव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांनाही तिचीच झेरॉक्स दाखवून चाव्या दिल्या होत्या.