जिप्सीला ऑटो लॉकर: कुर्ल्याच्या गॅरेजचा अनुभव

इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक चिखलात नुसते फिरू लागले की घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून माझ्या मारुती जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये मी कुर्ल्याच्या एका गॅरेजमधून स्वयंचलित लॉकर (गरजेला दोन्ही चाके एकत्र जखडणारी यंत्रणा) बसवून घेतला. तो डिफरन्शिअलच्या आतल्या छोट्या स्पायडर गिअरांच्या जागी बसतो, त्यामुळे क्राऊन-पिनियन या मुख्य गिअर-जोडीची मूळ सेटिंग बदलावी लागत नाही, आणि हवेचा कॉम्प्रेसर किंवा वायरिंगही लागत नाही. मिस्त्रींनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फटी मोजूनच कॅरिअर, म्हणजे डिफरन्शिअलचे कवच, बंद केला, हे विशेष आवडले; ऑईल सील मात्र जुनेच ठेवले, आणि आठवड्याभरात ब्रेक ड्रममध्ये तेल उतरल्याने दुसरी फेरी पडली.

कर्जतजवळच्या चढावर एक चाक अधांतरी असतानाही गाडी निमूट वर गेली. शहरात मात्र सवय करावी लागते: वळताना बाहेरचे चाक मोकळे होते तेव्हा मागून टकटक ऐकू येते (शेजाऱ्यांनी गाडी बिघडल्याचे दोनदा कळवले), आणि वळणातच ॲक्सिलरेटर दाबल्यास दोन्ही चाके जखडून गाडी सरळ रेटू पाहते, म्हणून पावसात किंग्ज सर्कलच्या गोलाईवर मी पाय हलकाच ठेवतो.